नवतपा आणि नागपूरचं पत्रक

एप्रिल अर्धा सरला की विदर्भात एक शर्यत सुरू होते आणि तिच्यात हरायची कुणाचीच तयारी नसते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, नागपूर यांपैकी आज पारा कुठे जास्त चढला? संध्याकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं पत्रक येतं. विदर्भातल्या केंद्रांचे कमाल-किमान आकडे त्यात ओळीनं मांडलेले असतात. जिल्हा दैनिकांच्या डेस्कवर त्यांची चौकट होते. अकोला आणि अमरावती, दोन्हीकडच्या डेस्कवर मी ही चौकट लावली आहे. अकोल्याचा आकडा ४४.९ आला की मागच्या खुर्चीवरून हळहळ ऐकू यायची, "थोडक्यात हेडलाइन गेली राव." अमरावतीचे सहकारी या बाबतीत जरा ओशाळे असत, कारण त्यांचा आकडा बहुतेक वेळा अकोल्याच्या मागेच राहायचा.

२६ एप्रिल २०१९ ला ही शर्यत जगाच्या पातळीवर गेली. त्या दिवशी जगात सर्वांत तापलेल्या पंधरा ठिकाणांची एक यादी फिरली. पंधराही ठिकाणं भारतातली होती आणि बहुतेक आपल्याच मध्य पट्ट्यातली. मध्य प्रदेशातलं खरगोन ४६.६ अंशांनी पहिलं, अकोला ४६.४ अंशांनी दुसरं. यादी मोबाइलवरून मोबाइलवर गेली ती काळजीनं नव्हे. पुण्यात अडतिसाला लोक हैराण होतात, आम्ही सेहेचाळीसमध्ये लग्नाची वरात काढतो, असा तो सूर होता. ऊन ही वऱ्हाडात तक्रारीची गोष्ट नाही, ओळख आहे. आणि या ओळखीचा पाया एकच: आम्हाला सवय आहे, आमच्या आज्यानंही हे ऊन सोसलं आहे.

म्हणूनच इथे उन्हाचा अंदाज कुणी विचारत नसे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. तिथेही लोक जातात ते पाऊस कसा, पीक कसं, राजा टिकेल का, हे ऐकायला. उन्हासाठी पंचांगातला नवतपा पुरेसा होता. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस सगळ्यांत कडक. हे नऊ दिवस तापले तर पाऊस चांगला, अशी त्याला जोडलेली खात्री. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्यात साठलेला असल्यानं तो फार चुकतही नसे. २०२४ चा नवतपा अगदी नावाला जागला. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. दंग्यासाठी ऐकलेलं हे कलम उन्हासाठी वापरलेलं पाहून लोक चक्रावले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, याच नऊ दिवसांच्या तोंडावर राज्यभर अवकाळी पाऊस झोडपत होता. २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा आणि वऱ्हाडात कूलर बंद करून लोक झोपले. दोन वर्षांवरून नियम काढू नये हे खरं. पण पंचांगाला आता आपलं वेळापत्रक जमेनासं झालं आहे, ही कुजबूज तेव्हापासून जास्त ऐकू येते.

खरं तर हवामानशास्त्राच्या दृष्टीनं वऱ्हाडाचं ऊन हा सोपा पेपर आहे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे पूर्णेचं सपाट खोरं. अकोला या खोऱ्यात जेमतेम तीनशे मीटर उंचीवर बसलं आहे. अमरावती पोहऱ्याच्या टेकड्यांना टेकून थोडी वर आहे, तर चिखलदरा अकराशे मीटरवर. मेमध्ये काळी जमीन मोकळी पडलेली असते, पऱ्हाट्या केव्हाच उपटून झालेल्या असतात. भेगांत हात जाईल इतकी ती सुकलेली असते. जमिनीत ओल असली तर सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ओल नसली की ती सगळी हवा तापवते. त्यात राजस्थान-मध्य प्रदेशाकडून कोरडा वारा आला आणि वर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला की वरची हवा खाली दाबली जाते, आणि दाबली गेलेली हवा तापते. ही सगळी मांडणी तीन-चार दिवस आधी दिसते. त्यामुळे परवाचं कमाल तापमान नागपूरचं केंद्र बहुधा एक-दोन अंशांच्या फरकानं बरोबर सांगतं. पावसाच्या अंदाजावर वऱ्हाडात जेवढे विनोद होतात, त्याच्या दशांशही उन्हाच्या अंदाजावर होत नाहीत.

अडचण येते ती नोंदवहीत नसलेल्या दिवसाची.

३० मे २०२४ ला नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तिथल्या शेतजमिनीत होतं. बातमी तासाभरात देशभर झाली. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ दाखवले होते. भारताचा मान्य विक्रम ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. म्हणजे नागपूरनं तो तब्बल पाच अंशांनी मोडला असता. हवामान खात्यानं दोन्ही आकडे खोडून काढले: सेन्सर बिघडला होता. जुन्या पद्धतीच्या वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते. थेट ऊन लागू नये पण वारा खेळावा अशी तिची रचना. जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या त्या पेटीत तापमापक टांगलेले असतात आणि माणूस ठरल्या वेळी जाऊन ते वाचतो. नागपूरच्या वेधशाळेतल्या या पेटीत त्या दिवशी पारा छप्पनच्या आसपासही नव्हता. छप्पनवर विश्वास बसू नये हे आपल्याला आठवणीनंच सांगितलं होतं, आणि आठवण बरोबर होती.

आता दुसरा आकडा घ्या. २९ जून २०२१, कॅनडातलं लिटन नावाचं छोटं गाव: ४९.६ अंश. हे गाव विषुववृत्तापासून पन्नास अक्षांश उत्तरेला, जिथे घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधतात. तोवरचा कॅनडाचा विक्रम ४५ अंशांचा, १९३७ चा. तो साडेचार अंशांहून जास्त फरकानं मोडला. अकोल्यानं इतका आकडा कधीच पाहिलेला नाही. संगणकाची मॉडेलं काही दिवस आधीपासून असलं काहीतरी दाखवत होती. तिथल्या जाणत्यांना ते पटायला जड गेलं, कारण त्यांच्या आठवणीत असं काही बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वणव्यात ते गाव जळून गेलं.

नागपूरचा छप्पन खोटा आणि लिटनचा एकोणपन्नास खरा. दोन्ही आकडे आठवणीच्या बाहेरचे. टेबलावर नुसता आकडा आला तर त्यांतला फरक अनुभवावरून ओळखता येत नाही. शेजारची केंद्रं काय दाखवतात, फुग्याबरोबर वर गेलेल्या यंत्रानं वरच्या हवेत काय मोजलं, जमीन किती सुकली आहे, हे पाहूनच तो ओळखावा लागतो. बदलत्या हवामानात टोकाच्या तापमानाचा अंदाज करणाऱ्याची खरी कसरत मला इथे दिसते. आजवर आठवण हे त्याचं सर्वांत मोठं भांडवल होतं. आता तीच अधूनमधून त्याचा हात धरून मागे ओढते. आणि हे नवतप्यावर विसंबणाऱ्या आजोबांना जितकं लागू, तितकंच यंत्रांनाही.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी हवामान मॉडेलं आली आहेत. जुनी मॉडेलं हवेच्या हालचालीची समीकरणं सोडवतात. ही नवी मॉडेलं मागच्या काही दशकांच्या नोंदी वाचून पुढचं सांगायला शिकतात, तेही काही मिनिटांत. रोजच्या हवामानात ती थक्क करणारं काम करतात. पण पूर्वी कधी झालं नाही असा, विक्रम मोडणारा उष्ण दिवस आला की ती तो कमी लेखतात आणि समीकरणंवाली मॉडेलं सरस ठरतात, असं २०२५ मध्ये पुढे आलेल्या एका अभ्यासात दिसलं. साहजिकच आहे. पाठांतर पक्कं असलेला विद्यार्थी पुस्तकाबाहेरच्या प्रश्नाला अडखळतो. समीकरणांना मागचा उन्हाळा आठवत नाही, म्हणून त्यांना त्याचा मोहही पडत नाही.

आठवणीचं तिसरं रूप सरकारी आहे आणि आपल्या रोजच्या इशाऱ्यात बसलेलं आहे. मैदानी भागात कमाल तापमान चाळीसच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. हा फरक ६.४ च्या पुढे गेला तर तीव्र लाट. ही सरासरी तीस वर्षांची असते. आधी १९८१ ते २०१० ची धरत, आता १९९१ ते २०२० ची धरतात. मेच्या मध्यात अकोल्याची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास आहे. तिच्यावर साडेचार चढवले तर लाट जाहीर व्हायला सत्तेचाळीस लागतील. म्हणून खात्यानं दुसरी अटही ठेवली आहे: सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोहोचला की लाट, ४७ ला पोहोचला की तीव्र लाट. ही अट नसती तर वऱ्हाडात मेमधली लाट कागदावर क्वचितच उमटली असती. पण या दोन अटींच्या मधल्या फटीत आमचे मेमधले कितीतरी दिवस पडतात. ४४.५ अंश, सरासरीपेक्षा दोनच अंश जास्त, लाट नाही. चौकटीत त्या दिवशी लिहायला काही नसतं आणि रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असतं. शिवाय दर दहा वर्षांनी तापलेलं नवं दशक सरासरीत येतं आणि निवांत जुनं दशक गळून पडतं. तापमान वाढतं, त्याच्याबरोबर मोजायची रेघही वर सरकते, आणि फरक तेवढाच दिसत राहतो. खात्याला यात दोष देता येणार नाही. जगभर पद्धत हीच आहे आणि तुलनेला काहीतरी रेघ हवीच.

एक-दोन अंशांनी काय होतं, हा प्रश्न मला डेस्कवरच्या हुशार मुलांनीही विचारला आहे. त्यांना मी एक हिशेब मांडून दाखवतो. समजा एखाद्या गावी मेची सरासरी ४३ आहे आणि रोजचा चढउतार असा आहे की ४७ च्या वरचा दिवस हजारांत तेवीस वेळा येतो. सरासरी फक्त एका अंशानं वर सरकवली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर तोच दिवस हजारांत सदुसष्ट वेळा येतो, म्हणजे जवळपास तिप्पट. ४९ च्या वरचा दिवस आधी हजारांत जेमतेम एकदा यायचा, तो आता सहा वेळा येतो. दिवस जितका दुर्मीळ, तितकी त्याची पट मोठी. प्रत्यक्षातलं तापमान या सरळ गणितासारखं वागत नाही, पण दिशा हीच आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात हाच धडा जगाच्या आकड्यांत आहे. पूर्वी पन्नास वर्षांतून एकदा येणारी उष्णता आता ४.८ पट वेळा येते आणि तापमानवाढ दोन अंशांवर गेली तर १३.९ पट वेळा येईल. पन्नास वर्षांतून एकदा म्हणजे आजोबांनी पाहिलं आणि नातवाला सांगितलं, अशी गोष्ट. ती दहा-बारा वर्षांनी येऊ लागली की सांगायला आजोबांची गरज उरत नाही.

वरूड-मोर्शीकडचे संत्र्याचे बागायतदार हे गणित न मांडता जगतात. आंबिया बहराची फळं एप्रिल-मेमध्ये बोराएवढी, लिंबाएवढी असतात आणि नेमक्या त्या दिवसांत ऊन चढलं की गळतात. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या मळ्यात मेमध्ये गेलो होतो. झाडाखालच्या आळ्यात हिरवी फळं पसरलेली होती. काहींचे देठ अजून ओले होते. त्यानं एक उचलून नखानं फोडलं. आत रस धरलेलाच नव्हता. तीन दिवसांच्या अंदाजाचा त्याला फारसा उपयोग नाही. बोअर आटत आलेली, पंपाला वीज मिळणार ती ठरल्या पाळीत, म्हणजे पाणी राखून ठेवायचं तर आधीच ठरवायला हवं. दर गुरुवारी हवामान खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. मी तो त्याला वाचून दाखवला: दुसऱ्या आठवड्यात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता. "शक्यता म्हणजे किती?" त्यानं विचारलं. "रुपयात बारा आणे असेल तर मी आज पाणी वाचवतो. आठ आणे असेल तर आज देऊन टाकतो." अंदाजाचा इतका नेमका ग्राहक मला कुठल्या परिसंवादात भेटलेला नाही. ग्रामीण कृषी मौसम सेवेत अनेक जिल्ह्यांत जी जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, ती असल्या प्रश्नांचं उत्तर गावाच्या भाषेत देऊ शकली असती. २०२४ मध्ये ती देशभर बंद झाली. अकोल्याच्या विद्यापीठाची मंगळवार-शुक्रवारची पत्रिका निघते हे खरं. पण ती वाचून बारा आणे की आठ आणे हे सांगणारा माणूस तालुक्याला लागतो.

आणि आकडा तरी कुठला सांगायचा? १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघातानं चौदा माणसं गेली. त्या दिवशीचा पारा अकोल्यात कुणी चौकटीत घेतला नसता. पण हवा दमट होती, घाम सुकत नव्हता आणि माणसं तासन् तास उघड्यावर बसली होती. आमचा डेझर्ट कूलर कोरड्या हवेत चालतो, ताटीवरचं पाणी उडालं की वारा गार होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग येतात, पारा चाळिसाच्या खाली येतो, चौकट आतल्या पानावर जाते, आणि त्याच दिवसांत कूलर निव्वळ चिकट हवा फेकतो. हवामान खात्यानं २०२३ पासून दमटपणा धरून उष्णतेचा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली आहे. आम्ही मात्र तो छापत नाही. त्यात विक्रम नसतो.

अहमदाबादेत २०१० च्या मेमध्ये पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यातल्या मृत्यूंची नोंद नंतर तपासली तेव्हा नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त निघाले. त्यावरून २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णता कृती आराखडा केला. आपल्या शहरात किती तापमानाला माणसं दगावू लागतात, हे स्मशानाच्या आणि इस्पितळाच्या नोंदीतून शोधायचं आणि इशारा तिथे बांधायचा, हे त्याचं सूत्र. नागपूरनं २०१६ मध्ये तसा आराखडा केला. अकोल्यासाठी, अमरावतीसाठी अहमदाबादचा आकडा उचलून चालणार नाही. आमची सवय खरी आहे, फक्त ती कुठे संपते हे कुणीतरी मोजायला हवं.

सवय कुठे संपते याचा एक अंदाज मला जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत मिळाला. तुरीची, हरभऱ्याची आवक सुरू होती, हर्रास अकराला सुरू व्हायची आणि कट्टे उचलायचं काम भर दुपारी चालायचं. रेड अलर्टच्या दिवशी मी बातमीसाठी गेलो होतो. टिनाच्या शेडखाली डोक्याला दुपट्टा बांधून बसलेल्या एका वयस्क हमालाला विचारलं की इशारा कळला का. तो हसला. "भाऊ, त्रेचाळीस काय अन् सेहेचाळीस काय, कट्टा तं तेवढ्याच वजनाचा राह्यते." मजुरी कट्ट्यामागे, म्हणजे थांबला तर पैसे थांबले. हर्रास सकाळी सातला करा, हे सांगून झालं होतं. व्यापाऱ्यांना ते जमत नव्हतं आणि गावाहून निघालेल्या गाड्या त्या वेळेला पोहोचत नव्हत्या. मी पत्रक काढून त्याला पुढचे तीन दिवस वाचून दाखवू लागलो. त्यानं मधेच थांबवलं. "दिवसाचं मले मालूम हाये. रातचं काय सांगून राह्यलं तुमचं नागपूर?"

रात्रीचा आकडा आमच्या चौकटीत बारीक टायपात जातो. मेअखेरीस इथली रात्रीची सरासरी सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असते. उष्ण रात्र जाहीर व्हायला दिवसाचा पारा चाळीसच्या वर असावा लागतो आणि रात्रीचा सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त, म्हणजे बत्तीसच्या आसपास. पण टिनाचं छत आणि सिमेंटच्या भिंती असलेल्या खोलीत तीस अंशांनाही झोप लागत नाही. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याच्यावर शिल्लक धरून चढतं. इस्पितळातल्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं, आणि त्या हमालालाही होतं. गच्चीवर पाणी मारून झोपायची सोय त्याच्याकडे नव्हती.

पत्रकात पुढच्या तिन्ही रात्री एकतीसच्या वर होत्या. मी तसं सांगितलं. त्यानं क्षणभर हिशेब केला, मुकादमाला हाक मारली आणि उद्यापासून तीन दिवस दुपारच्या पाळीला दुसरा माणूस बघायला सांगितलं.